लक्ष्मम्माच्या माहेरचं वादळ

आज टीव्हीवर ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा’ ऐकलं आणि मुलांनो, मला लातूर आठवलं. जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. अशात आंध्रच्या किनाऱ्यावर वादळ आलं आणि आमच्याकडे दोन दिवस पाऊस कोसळला. पत्र्यावरून लाल पाणी धावत होतं. सगळी गल्ली घागरी, पातेली घेऊन बाहेर आली.

“लक्ष्मम्मा, ये की भिजायला! तुज्या माहेरचा पाऊस हाय!” शेजारच्या शांताबाई ओरडल्या.

आमच्याकडे धुणं करणारी लक्ष्मम्मा त्याच किनाऱ्यावरची. ती ओसरीतच उभी राहिली, माझा इंग्रजी पेपर हातात धरून. “बाई, माजं गाव हाय का त्यात, बगा.”

बुडालेल्या गावांची यादी मी दोनदा वाचली. “नाही. सगळं ठीक आहे,” मी मास्तरणीच्या खात्रीने सांगितलं.

“पण भाऊ गावात नसतो, बाई. समुद्रात असतो.”

आठवड्याने निरोप आला. भाऊ वाचला, होडी गेली. पुढे तो लातूरला खडी फोडायला आला. आमची भरलेली विहीर तो बघत राहिला, तेव्हा लक्ष्मम्माने त्याला तांब्या दिला आणि आम्हालाही कळावं म्हणून मराठीतच म्हणाली, “तुज्याच वादळाचं पाणी हाय. पी.”