बाबांनी सांगितलंय

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, आर्किटेक्ट होते. शहरातली इमारत त्यांनी आयुष्यात एकही केली नाही. शहराबाहेर, माळावर नाहीतर नदीच्या काठी ज्यांना ऐसपैस घर बांधायचं असे, ते भाऊजींकडे येत. दगडाच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, कमानी, मान वर करून बघावं लागेल असं छत. सिमेंटचं नाव काढलं की त्यांचं तोंड काढा प्यायल्यासारखं व्हायचं.

गवंडी त्यांना पाठीमागे ‘ओळंबा’ म्हणत. दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे का बघतात, तो ओळंबा. भाऊजी उभे तसेच राहत आणि बोलतही तसेच. ताई म्हणायची, “भिंत वाकडी गेली तर पाडता येते गं. नवरा इतका सरळ असला तर त्याचं काय करायचं?” आणि स्वतःच खूप हसायची.

त्यांच्या सगळ्या घरांचं बांधकाम एकाच मिस्त्रीने केलं. दोघं एकत्र म्हातारे झाले म्हटलं तरी चालेल. दिवसभर कचाकचा भांडायचे आणि दुपारी एकाच डब्यातून जेवायचे. मिस्त्रीला नकाशा वाचायला आवडायचा नाही. “साहेब, तोंडाने सांगा,” म्हणायचा. भाऊजी तोंडाने सांगायचे आणि घर उभं राहायचं. भाऊजींचा शब्द मिस्त्रीने कधी पुन्हा विचारून घेतला नाही.

माझा भाचाही आर्किटेक्ट झाला. हात सुंदर होता त्याचा. दोन रेघांत जिना उभा करायचा. शिक्षण संपवून तो वडिलांच्याच ऑफिसात बसू लागला. ऑफिस म्हणजे घराचाच खालचा मजला. पण भाऊजींनी त्याच्यावर एकही काम सोपवलं नाही. त्याने काढलेल्या नकाशांवर सही वडिलांची, गिऱ्हाइकाशी बोलणार वडील, साइटवर शेवटचा शब्द वडिलांचा. “अजून वेळ आहे,” एवढंच म्हणायचे. वेळ जात राहिला. पोराच्या कानशिलावर पांढरे केस दिसायला लागले तरी गवंडी त्याला ‘छोटे साहेब’च म्हणत. हे त्याला किती लागत होतं ते आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग त्या कारखानदाराचं काम आलं. तळ्याकाठी मोठं घर, आणि त्यात पाहुण्यांसाठी एक लांबलचक दालन. त्याचं छत पूर्ण विटांचं, पिंप उभं कापून पालथं घालावं तसं गोल. असं छत बांधताना खाली लाकडाचा साचा करतात आणि त्याला टेकू देतात. चुना घट्ट झाला की टेकू काढायचे, मग छत स्वतःच्या जोरावर उभं राहतं. त्या वर्षी हवा हटून बसली होती. ऊन म्हणून पडेना. भिंती घामेजल्यासारख्या ओल्या, आणि चुना वाळता वाळेना. इकडे कारखानदाराच्या मुलीचं लग्न त्याच दालनात ठरलेलं. तो रोज गाडी घेऊन यायचा आणि साच्याच्या लाकडांकडे बघून दातओठ खायचा.

नेमकं त्याच सुमाराला ताईचं पोटाचं ऑपरेशन निघालं. भाऊजी दवाखान्यात येऊन बसले. साइटवर भाच्याला ठेवलं, पण जाताना बजावून ठेवलं, “फक्त बघायचं. काही करायचं नाही.”

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते, ताईच्या उशाशी. तिकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं. भाऊजी म्हणाले, “नाही.” मग जरा थांबून, “त्यांना म्हणावं लग्न मांडवात करा. मी आल्याशिवाय एकाही टेकूला हात लावायचा नाही. तू तर नाहीच नाही.” ताईला जाग येऊ नये म्हणून आवाज खालचा होता, पण ते ‘तू तर नाहीच नाही’ मला इतकं टोचलं, तर ज्याला म्हटलं त्याला काय झालं असेल!

पुढचं आम्हाला कामावरच्या लोकांकडून कळलं. कारखानदार शेजारीच उभा होता. भाच्याने फोन ठेवला तसं त्याने विचारलं, “काय म्हणतात वडील? का तुम्हाला काही ठरवता येत नाही?” भाच्याने एकदा साच्याकडे पाहिलं. मग मिस्त्रीला हाक मारून म्हणाला, “टेकू काढायला घ्या.”

मिस्त्री म्हणाला, “छोटे साहेब, चुना ओला आहे. नख लावलं तर आत जातंय.”

“बाबांनी सांगितलंय.”

“साहेबांनी?”

“आत्ताच फोनवर बोललो. तुमच्यासमोर.”

मिस्त्रीने डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. बाकीच्यांना म्हणाला, “तुम्ही सगळे बाहेर व्हा. साहेबांनी सांगितलंय म्हणजे त्यांचा काहीतरी हिशोब असेल. पण टेकू मी एकटा काढतो.” त्याच्या या एका वाक्यामुळे बाकीची माणसं वाचली. कोसळलेल्या छताखालून मिस्त्रीला बाहेर काढायला संध्याकाळ झाली, तोवर तो गेला होता.

ताई घरी आली तेव्हा घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. भाचा वरच्या खोलीत पडून असायचा. पोलीस येऊन गेले, खटला उभा राहिला. ‘बाबांनी सांगितलंय’ हे सगळ्या मजुरांनी ऐकलेलं होतं, तेव्हा सगळं एका प्रश्नावर येऊन थांबलं: भाऊजींनी खरोखर सांगितलं होतं का?

वकील घरी आला आणि चहाचा कप हातात घेऊन शांतपणे म्हणाला, “साहेब, तुम्ही हो म्हणा. अंदाज चुकला म्हणा. तुमचं वय, तुमचं नाव, घरात आजारपण. परवाना जाईल, फार तर दंड होईल. मुलगा मोकळा सुटेल.”

भाऊजी त्याला दारापर्यंत सोडून आले.

वकील गेल्यावर ताई पोटाला हात धरून उठली. टाके अजून ओढत होते. ती त्यांच्या पुढ्यात जाऊन बसली. “अहो, ऐकताय ना? एक शब्द आहे. आपल्याला अजून किती दिवस काम करायचंय? त्याचं सगळं आयुष्य पुढे आहे.”

“हो,” भाऊजी म्हणाले.

आम्ही समजलो, ते कोर्टात हो म्हणतील. भाचासुद्धा तेच समजला. त्या दिवशी बऱ्याच काळाने तो खाली येऊन आमच्याबरोबर जेवला. भाऊजींनी त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने भाजी वाढली.

कोर्टात मी ताईच्या शेजारी बसले होते. पलीकडच्या बाकावर मिस्त्रीची बायको होती, हात मांडीवर ठेवून, कुणाकडेच न बघता. भाऊजींना विचारलं, “टेकू काढायला तुम्ही सांगितलं होतं का?” त्यांनी पोराकडे पाहिलं. मग त्या बाईकडे पाहिलं. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं.

“नाही,” भाऊजी म्हणाले. “मी ओल्या चुन्याखालचा टेकू काढायला सांगेन, असं मिस्त्रीला वाटायला नको होतं.”

भाच्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. रस्त्यात ओळखीच्या माणसाने ओळख दाखवू नये, तसा चेहरा झाला त्याचा. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

बाहेर पायऱ्यांवर ताई भाऊजींना म्हणाली, “खरं बोललात म्हणून मी तुमच्या पाया पडले असते. पण तुम्ही खऱ्यासाठी नाही बोललात. तुम्हाला तुमच्या कामावर डाग नको होता. पोर गेलं तरी चालेल.”

भाऊजींनी हे नाकारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “मला माहीत नाही. मी पण तोच विचार करतोय.”

ताई त्या दिवसापासून माझ्याकडे राहायला आली.

भाऊजी मिस्त्रीच्या घरी गेले ते मला मिस्त्रीच्या बायकोनेच पुढे सांगितलं. तिने त्यांना बसायला पाट दिला, पाणी दिलं. ते म्हणाले, “कोर्टात मी खरं सांगितलं.” ती म्हणाली, “तुम्ही खरं सांगितलंत साहेब, पण उशिरा सांगितलंत, आमचा माणूस गेल्यावर. पोराच्या हातात काम द्यायचं नव्हतं तर त्याला तिथे ठेवलंत कशाला? आणि ठेवलंत तर त्याच्यावर विश्वास का नाही ठेवलात?” भाऊजी पाणी न पिताच उठले.

कारखानदाराला कुणी काही विचारलं नाही. त्याने तर कोणताच हुकूम दिला नव्हता! दुसऱ्या आर्किटेक्टने सिमेंटचा स्लॅब टाकून ते दालन पुरं केलं आणि खालून गोल पत्रे ठोकून त्याला विटांचा रंग दिला. लग्न थाटात झालं म्हणे.

भाऊजींकडे मात्र काम येईना. त्यांच्या हातून चूक झाली नव्हती, परवाना शाबूत होता, पण जो पोटच्या पोराविरुद्ध बोलला तो आपल्याला काय सांभाळून घेणार, असं लोकांना वाटत असावं. खालच्या मजल्यावरची टेबलं तशीच राहिली. ते रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली जाऊन बसत.

भाचा सुटला तो दुसऱ्या शहरात गेला आणि फरश्या विकणाऱ्या दुकानात नोकरीला लागला. ताईही मग त्याच्याकडे राहायला गेली. एकदा भाऊजी मला म्हणाले, “चल, मला तिथवर घेऊन जा. घरी नको, दुकानात.”

दुकानात गर्दी होती. भाऊजी एका बाजूला उभे राहिले. एका जोडप्याला फरश्या दाखवून झाल्यावर भाच्याचं लक्ष आमच्याकडे गेलं. तो जवळ आला, हात पुसत. “मावशी, बरी आहेस ना?” मला म्हणाला. मग वडिलांकडे वळून, “काय दाखवू?”

“काही नाही. बघायला आलो होतो.”

“बघा ना,” तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला. भाऊजी अर्धा तास त्या फरश्यांच्या ढिगांमधून फिरत होते. प्रत्येक नमुन्यावरून बोट फिरवायचे, खाली ठेवायचे. परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. मी चहा विचारला तर नको म्हणून मान हलवली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात भाऊजी गेले. सकाळी खुर्चीतच. ताई आणि भाचा दुपारच्या गाडीने आले. सगळं उरकल्यावर माणसं पांगली, आणि ताई त्याला म्हणाली, “खाली जाऊन बघ. त्यांचं तुला काय हवं असेल ते घे.”

भाचा खाली गेला. बराच वेळ वर आला नाही म्हणून मी बघायला गेले. त्याने कशालाच हात लावला नव्हता. प्रवासाने दमलेला तो, बूटही न काढता वडिलांच्या बाकड्यावर आडवा झाला होता आणि घोरत होता. मी दार ओढून घेतलं. गाडीची वेळ झाल्यावर त्याला उठवलं. त्याने तोंड धुतलं, आईची पिशवी उचलली, आणि दोघं स्टेशनवर गेली.