पुडीवरची चिमणी

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. मी ट्रेडमार्कची कामं करायचो. बदलापूरची एक मसालेवाली माझ्या उल्हासनगरच्या ऑफिसात आली. पदराने पुसून तिने पुडी टेबलावर ठेवली. वर चिमणीचं चित्र, खाली तिच्या सासूचं नाव.

मी फक्त चित्राचा अर्ज भरला.

"आन् नाव? लोक चिमणी बघत नाहीत साहेब, सासूचं नाव घेऊन मागतात."

"त्यातच आलं सगळं," मी म्हणालो. नावाची नोंदणी वेगळी असते, हे ठाऊक असूनही कंटाळा केला. पुढे एका व्यापाऱ्याने तेच नाव नोंदवून घेतलं.

परवा ती बदलापुरातच, कात्रपला, नाव नसलेल्या, नुसत्या चिमणीच्या पुड्या विकत होती. मी एक मागितली. पुडी पदराने पुसत म्हणाली, "नाव गेलं, त्याला तुम्ही तरी काय करणार, साहेब?"

माफी ओठांवर आली होती. मी म्हणालो, "पिशवी नको."