ऑइलचा काटा

रोज त्याच मोटारीत तेच तिघं बसले, की किस्से काही मागून आणावे लागत नाहीत. मी कंडक्टर, दौलतभाऊ ड्रायव्हर आणि रहीमचाचा मिस्त्री. पन्नास-पंचावन्न सालातली गोष्ट. चांदा ते ब्रह्मपुरी, जंगलातली सर्व्हिस. मोटार म्हातारी, म्हणून मिस्त्री सोबतच असायचा.

एकदा ऑइल संपून इंजिन जाम झालं, तेव्हा मोटारीच्या मालकानं, शेठनं, चाचांना सुनावलं होतं, "पुन्हा असं झालं तर दुसरा मिस्त्री पाहीन." त्या दिवसापासून चाचांचा कायदा: समोरच्या मीटरमधला ऑइलचा काटा खाली पडला, की जागच्या जागी इंजिन बंद. "गाडीत कलेक्टर बसला असन तरी बंद!" आमचा तिघांचाही जीव त्या काट्यात अडकलेला.

*

दौलतभाऊंनी कायदा इतका मनावर घेतला, की रस्ता पाहणंच सोडलं. मूल गावाच्या पुढं मोटार सरळ धानाच्या शेतात, बांधीत! माणसं चिखलात उतरली, शिव्या देऊन राह्यली.

चाचांनी विचारलं, "काटा बराबर होता?"

"एकदम बराबर."

"मंग काय झगडा?"

*

एकदा चढावर मोटार थांबवून भाऊंनी ऑइल मोजायची पट्टी काढून पाह्यली. ऑइल कमी. डबाभर ओतलं. सपाटीवर आलो तर पट्टी पार वरपर्यंत भिजलेली. चढावर पट्टी खोटं बोलते, हे घाबरलेल्या माणसाच्या ध्यानात राहात नाही. जास्तीचं ऑइल जळून मागं निळा धूर असा, की जंगलाले आग लागली म्हणून फॉरेस्ट गार्ड पळत आला.

भाऊ त्याला म्हणाले, "धूर सोडा साहेब. ऑइल तर भरपूर आहे ना?"

*

ही भीती पॅसेंजरांनाही लागली. नागभीडची एक बाई पाय ठेवण्याआधी विचारायची, "बाबू, तेल पाह्यलं काय?" एक दिवस तिनं जवसाच्या तेलाची शिशीच आणून दिली. "कमी पडलं तं हे टाकजो."

इंजिनात कसं टाकणार? आम्ही वांग्याच्या भाजीत टाकलं. ती पुढं रोज विचारायची, "माहं तेल पुरलं काय?"

"पुरलं बाई," भाऊ मान खाली घालून म्हणायचे.

*

चाचांची लेक जुबेदा पहिल्या बाळंतपणाला सिंदेवाहीला आली होती. अडली. सुईण म्हणाली, "ब्रह्मपुरीले न्या, नाई तं हातची जाईन." बाकीचे पॅसेंजर आपणहून उतरले. मागच्या बाकावर तिला निजवलं आणि निघालो.

नागभीड सोडलं आणि काटा पडला. पार खाली. ऑइलचा डबा सकाळीच रिकामा झालेला. थांबलो, तर दुसरी मोटार संध्याकाळी. भाऊंचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. मागं जुबेदाचं कण्हणं थांबलं होतं, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"चाचा, काटा पडला," भाऊ म्हणाले.

चाचा पुढं वाकले आणि त्यांनी मीटरवर तळहात ठेवला.

"बराबर आहे. चाल."

"पण चाचा, इंजिन..."

"मिस्त्री मी आहो का तू? चाल."

इंजिन ठोके देऊन राह्यलं. चाचांनी हात काढला नाही. दवाखान्याच्या दारात मोटार एकदा हादरली आणि जाम झाली. जुबेदाला आम्ही उचलून आत नेलं. दुपारी नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती, दोघीही बऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शेठ आला. बॉनेट उघडून बराच वेळ पाहात राहिला.

"ऑइल कोणी पाह्यलं होतं?"

"मी," चाचा म्हणाले. "बराबर होतं."