केनवडचा कॉन्क्वेस्ट कस्टमर

दिनकरकाका चपला काढून डेमो कारच्या मागच्या सीटवर आडवे झाले होते. त्यांचे पाय दाराबाहेर लोंबत होते आणि मी दार धरून उभी होते. कस्टमर रागावला तर काय बोलायचं, घासाघीस करू लागला तर काय बोलायचं, हे सगळं ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. कस्टमर झोपला तर काय बोलायचं, हे शिकवलं नव्हतं.

"माहे पाय भाईर येऊन राह्यले," ते बायकोला म्हणाले. "पन तुले पुरते. ये, झोपून पाह्य."

"तुमचं आपलं काहीतरीच," कुसुमकाकू म्हणाल्या. "लोकं पाह्यतीन ना!"

"गाडी आपल्याले घ्याची आहे का लोकायले?"

"सर, सीट थोडी मागे घेऊ का?" मी विचारलं.

"सर मास्तरले म्हन. मले काका म्हन."

कुसुमकाकूंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. दर महिन्याला तपासणीसाठी नागपूरला जावं लागायचं, आणि त्यांना फार वेळ बसवत नव्हतं. काकांचा केनवडजवळ खडीचा क्रशर आहे. पैशाची अडचण नव्हती. अडचण वेगळी होती. ते कितीतरी वर्षं एकाच कंपनीची मोठी एसयूव्ही वापरत आले होते. जुनी द्यायची, त्याच कंपनीची नवी घ्यायची. गाडी मजबूत होती, पण आत बसलेल्याला प्रत्येक खड्डा कळायचा. आता आमच्या कंपनीची गाडी घ्यावी की पुन्हा तीच, हे त्यांना ठरवायचं होतं.

"कंपनी बदलनं म्हनजे सोयरीक बदलनं आहे, पोरी," ते म्हणाले. "जुना सोयरा कसाबी असला तरी त्याच्या खोड्या मालूम असतात."

मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. सकाळी कॉलेज, दुपारनंतर शोरूम. शोरूम म्हणजे नागपूरच्या एका डीलरने वाशीममध्ये उघडलेला काचेचा हॉल. डिस्प्लेला एक गाडी, फिरवून दाखवायला एक डेमो कार. मी ट्रेनी होते. जऊळक्याहून रेल्वेने यायचे, आणि मला स्वतःला कार चालवता येत नव्हती, अजूनही येत नाही.

आमच्या धंद्यात दुसऱ्या कंपनीचा जुना कस्टमर आपल्याकडे वळवला, तर त्याला कॉन्क्वेस्ट म्हणतात. म्हणजे जिंकून आणलेला माणूस. आमचे मॅनेजर कुलदीप सर मला म्हणाले होते, "प्रज्ञा, एक कॉन्क्वेस्ट आण. तुझं कन्फर्मेशन मी स्वतः करून घेतो."

कन्फर्मेशन माझ्यासाठी नुसतं नोकरीचं नव्हतं. बाबा गवंडीकाम करतात. आमच्या घरात माझ्या आधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. मला पुढे एम.कॉम. करायचं होतं, आणि नातेवाईक बाबांच्या मागे लागले होते की पोरगी शहाणी झाली, आता उजवून टाका. बाबा मला एकदाच म्हणाले, "नोकरी पक्की झाली तं लग्नाचं मी काढत नाही. नाही झाली, तं मंग लोकायले काय सांगू?" त्यांनी हे चिडून म्हटलं नव्हतं. म्हणून मला ते जास्त लागलं.

टेस्ट ड्राइव्हला आम्ही मालेगावच्या रस्त्याला गेलो. काका चालवत होते, मी शेजारी, काकू मागे उशी घेऊन आडव्या. मी पाठ केलेली माहिती सांगत होते. या गाडीत एअर सस्पेन्शन आहे. साध्या गाडीला चाकांवर लोखंडी स्प्रिंग असतात, हिला हवा भरलेल्या रबरी पिशव्या आहेत, त्यामुळे गाडी खड्ड्यावरून तरंगत जाते.

काकांनी मला हाताने गप्प केलं. आरशातून मागे बघत हळूच म्हणाले, "झोपली."

ते बराच वेळ तसेच चालवत राहिले. परत वळायची जागा गेली, तरी वळले नाहीत. "ऑपरेशन झाल्यापासून गाडीत झोपली नाही ते," एवढंच म्हणाले. मला वाटलं, झालं. जिंकलं.

त्याच आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला. आमच्या गाड्या दुरुस्त करणारं सगळ्यात जवळचं वर्कशॉप अकोल्याला होतं, ते डीलर बंद करत होता. पुढे सगळं काम नागपूरला. मी कुलदीप सरांकडे गेले.

"सर, केनवडच्या कस्टमरना हे सांगायला हवं ना?"

"त्यांनी विचारलं का?"

"नाही."

"मग? मी तुला खोटं बोल म्हणतोय का? विचारेपर्यंत बोलू नको म्हणतोय."

"पण सर, एअर सस्पेन्शन गेलं तर..."

"अगं, कशाला जातंय? शंभर गाड्यांत एखाद्याचं जातं."

ते बरोबरच सांगत असतील. पण मी अकोल्याला ट्रेनिंगला गेले होते, तेव्हा तशी एक गाडी पाहिली होती. पिशवी फुटलेली, एका बाजूने पार खाली बसलेली. अशी गाडी चालवत नेता येत नाही, ओढूनही नेता येत नाही. सपाट ट्रकवर चढवून वर्कशॉपला न्यावी लागते. मला एकसारखं दिसायचं, की काकू आत आडव्या आहेत, गाडी रस्त्याच्या कडेला बसली आहे आणि नागपूरहून ट्रक यायचा आहे.

शनिवारी दोघं बुकिंग करायला आले. मी पाणी दिलं. काका खिशातून पेन काढता काढता थांबले.

"पोरी, एक सांग. तुह्या मायले दर महिन्याले न्याचं असतं, तं तू कंपनी बदलली असती का?"

आता त्यांनी विचारलं होतं. मी सगळं सांगून टाकलं. अकोल्याचं वर्कशॉप, रबरी पिशव्या, सपाट ट्रक. काकांनी पेन पुन्हा खिशात ठेवलं.

"जुन्या गाडीले मालेगावचा मिस्त्रीबी हात लावते," ते स्वतःशीच म्हणाले.

कुसुमकाकू खाली बघत होत्या. त्या कोणालाच उद्देशून न म्हटल्यासारखं म्हणाल्या, "मले झोप लागली व्हती त्याच्यात."

"विचार करतो," म्हणून काका काकूंना घेऊन निघून गेले. मी कुलदीप सरांना सांगितलं, की ते विचार करतो म्हणाले. हे अर्धं खरं होतं. सर म्हणाले, "काही हरकत नाही, फॉलोअप ठेव. तोवर तुझी फाइल मी पुढे सरकवतो." त्यांनी ती खरंच सरकवली. नागपूरहून जीएम सर येणार होते आणि माझं कन्फर्मेशन त्यांच्या सहीने होणार होतं.

ते आले. कुलदीप सर त्यांना माझ्याबद्दल चांगलं सांगत असतानाच बाहेर हॉर्न वाजला. हार घातलेली एक नवी कोरी एसयूव्ही दारात उभी राहिली. दुसऱ्या कंपनीची. आतून दिनकरकाका उतरले, सोबत गावातली चार माणसं. एकाच्या हातात शाल, एकाच्या हातात नारळ.

आमच्याकडे कोणी चांगलं काम केलं की त्याचा सत्कार करतात. दहावी पास झाला, सत्कार. ग्रामसेवकाची बदली झाली, सत्कार. त्याला वेळ-जागा लागत नाही. काकांनी मला हॉलच्या मध्ये बोलावलं, शाल पांघरली, नारळ दिला आणि सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले.

"मंडळी, आजकाल गाडी इकनारा कधी खरं बोलते का? पन ह्या पोट्टीनं मले सांगलं, का काका, आमचं अकोल्याचं वर्कशॉप बंद होऊन राह्यलं, अन् गाडी बसली तं उचलून न्या लागते. सोताच्या पोटावर पाय देऊन सांगलं तिनं! तिच्यामुळं मी फसलो नाही." मग ते जीएम सरांकडे वळले. "अशी मानसं सांभाळा, साहेब. वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. जीएम सरांनीही वाजवल्या, सगळ्यात शेवटी. शोरूममध्ये दुसऱ्या टेबलाशी बसलेलं एक जोडपं हळूच उठून बाहेर पडलं. कुलदीप सर जमिनीकडे बघत होते. मी नारळ धरून उभी होते आणि फोटोसाठी हसावं लागत होतं.

"काकू नाही आल्या?" मी गाडीकडे बघत विचारलं.

"ते घरी आहे. पाठ धरली तिची," काका म्हणाले. "ते म्हने, पोरीले माहा नमस्कार सांगा."

माणसं गेल्यावर मला केबिनमध्ये बोलावलं. जीएम सर सभ्यपणे बोलले. "तू चांगली मुलगी आहेस. पण सेल्स तुझ्यासाठी नाही." टॅब आणि आयकार्ड तिथेच जमा केलं. कुलदीप सरांना मेमो मिळाला. बाहेर पडताना ते एवढंच म्हणाले, "मला तरी सांगायचं होतंस गं."

मी जऊळक्याला पोचण्याआधी फोटो पोचला होता. बाबा ओट्यावरच उभे होते.

"सत्कार झाला म्हनते तुहा? कायले?"

"खरं बोलले म्हणून."

"मंग नोकरी पक्की?"

"नाही. गेली."

बाबांनी शालीकडे पाहिलं. "मंग सत्कार कायचा?"

तो फोटो नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. तो पाहून अकोल्याहून स्थळ आलं. मुलगी गुणी दिसते, म्हणाले. पुढच्या रविवारी पाहुणे आहेत. एम.कॉम.चा अर्ज मी भरलेला नाही.

त्या मॉडेलची एक गाडी नंतर रिसोडच्या एका डॉक्टरांनी घेतली. ती आजपर्यंत कुठेही बसलेली नाही. कुसुमकाकू नागपूरला जाताना अजून जाग्याच असतात.

परवा काकांचा फोन आला होता. "काय वं पोरी, माह्या सत्कारानं काही फरक पडला का?"

"पडला, काका," मी म्हणाले.

गिऱ्हाइकाला खरं सांगावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. मात्र सांगितलंच, तर त्याच्याकडून एक कबूल करून घ्यावं, की तो तुमचं कुठे कौतुक करणार नाही.