पाठ झालेला तक्ता

माझ्या मुलीने बारावीनंतर ऑप्टोमेट्रीला प्रवेश घेतला, तेव्हा आमच्या नात्यात तो शब्द एका दमात उच्चारू शकेल असं कोणी नव्हतं. माझी दहिसरची बहीण त्याला सरळ ‘चष्म्याचं कॉलेज’ म्हणायची.

“दादा, चष्म्याच्या दुकानात बसायला चार वर्षं कशाला रे? आमच्या नाक्यावरचा चष्मेवाला पाच मिनिटांत नंबर काढून देतो.”

“आणि बरोबर असतो?”

“आता ते कोण बघतंय?”

मी मुलुंडला एका कारखान्यात तपासनीस होतो. मशीनवरून उतरलेला तुकडा मोजायचा, मापात असेल तर पुढे पाठवायचा, नसेल तर बाजूला काढायचा, एवढंच माझं काम. त्यामुळे “आता ते कोण बघतंय” हे उत्तर मला पटणं शक्य नव्हतं. मुलगी डोळे मोजायला शिकणार, हे मला मनापासून आवडलं होतं. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, मुलगी बँकेत लागावी असं वाटत होतं. पण अंधेरीचं ते कॉलेज प्रत्यक्ष बघून आल्यावर तिनेही हरकत घेतली नाही.

बघण्यासारखं तिथे फार नव्हतं. एका धर्मादाय रुग्णालयाच्या मागच्या अंगाला दुसऱ्या मजल्यावर चार खोल्या. सुरुवातीला या जागेत संध्याकाळी दोन वर्षांचा प्रमाणपत्राचा वर्ग भरायचा. रुग्णालयातल्या डॉक्टरांना नंबर काढणारी माणसं हवी होती, म्हणून तो काढलेला. पुढे विद्यापीठाची मान्यता मिळवून त्याचा दिवसाचा पूर्ण अभ्यासक्रम केला: तीन वर्षं शिक्षण आणि चौथं वर्ष प्रत्यक्ष काम. आमच्या मुलीची तुकडी या नव्या अभ्यासक्रमाची पहिलीच. जागा चोवीस, प्रवेश सतरा, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत टिकले अकरा. विभागाच्या प्रमुख बाई अंधेरीच्याच जुन्या गावठाणातल्या ख्रिस्ती बाई होत्या. आवाज खणखणीत, आणि विद्यार्थ्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना अरेतुरे.

माहितीपत्रक आठ पानांचं होतं. मी ते पेन्सिल घेऊन वाचलं. पहिल्या वर्षी प्रकाशशास्त्र, शरीररचना. दुसऱ्या वर्षी नंबर काढणं आणि भिंगं घासून फ्रेममध्ये बसवणं. तिसऱ्या वर्षी कॉन्टॅक्ट लेन्स, तिरळेपणासाठीचे व्यायाम आणि अगदी कमी दिसणाऱ्यांसाठीची साधनं. शनिवारी शाळांमध्ये डोळेतपासणी, कधी बोरिवलीला, कधी पार मढला. दुसऱ्या वर्षाच्या तासांची बेरीज चाळीसने चुकली होती. मी तसं पत्र पाठवलं. आठवड्याने मुलगी तोंड फुगवून घरी आली.

“बाबा, तुम्ही कॉलेजला पत्र लिहिलंत?”

“बेरीज चुकली होती.”

“आता सगळे मला ‘चाळीस तास’ म्हणतात. मॅडमनी वर्गात विचारलं, कोणाचे गं वडील एवढे रिकामे?”

पण पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात बेरीज बरोबर आली, हेही मी इथे नोंदवतो.

तिसऱ्या वर्षी तिचा घरचा सराव सुरू झाला. विभागात त्याच अक्षरांचा नवा छापील तक्ता आला होता, म्हणून कडा फाटलेला जुना बाईंनी मुलीला घरी न्यायला दिला. देवनागरी अक्षरांचा. सात ओळी. पहिल्या ओळीत एकच मोठं अक्षर, शेवटच्या ओळीत सात बारीक, एकूण अठ्ठावीस. तो सहा मीटरवरून वाचायचा असतो. आमच्या घरात सलग सहा मीटर कुठेच नव्हते. हॉलच्या भिंतीपासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत मी टेप लावून बघितला, तर चार मीटर ऐंशी. म्हणून तक्ता मजल्यावरच्या सामाईक पॅसेजमध्ये, दोन दारांच्या मध्ये खिळ्याला लावला आणि बरोबर सहा मीटरवर मी खडूने रेघ मारली.

त्यानंतर दहा महिने आमच्या मजल्यावर कोणालाही मोकळेपणाने ये-जा करता आली नाही. भाजी घेऊन येणाऱ्याला मुलगी रेघेवर थांबवून एक डोळा झाकायला लावायची. शेजारच्या काकू तर देखरेखच करायच्या.

“भावजी, पाय मागे घ्या. अंगठा रेघेच्या पुढे आलाय.”

“अंगठ्याने वाचत नाही मी, काकू.”

“नियम तुम्हीच केलात ना?”

मजल्यावरची मुलं त्या सात ओळी चालीवर म्हणत जिना उतरायची. काकू तांदूळ निवडताना पुटपुटायच्या. हे सगळं ऐकून आम्ही हसायचो. त्यातून काय होणार आहे, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मला ते यायला हवं होतं.

माझा चष्मा नऊ वर्षांपूर्वीचा, नंबर उणे एक. सवड असेल त्या रविवारी मुलगी मला तो लावून रेघेवर उभं करायची आणि वहीत लिहायची. तेवीस रविवारांच्या नोंदी आहेत त्या वहीत, आणि तेवीसही वेळा दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ बिनचूक. “बाबा, नऊ वर्षांत तुमचे डोळे जागचे हलले नाहीत,” असं ती कौतुकाने म्हणायची. मलाही त्याचा थोडा अभिमान होता. बसचा नंबर अलीकडे अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नव्हता, पण तो दोष मी बसवरच्या रंगाला देत होतो.

तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा शंभर गुणांची. एका विद्यार्थ्याने एका माणसाचे डोळे एका तासात पूर्ण तपासायचे. नव्या विभागात रुग्ण थोडे येत, म्हणून परीक्षेचा पेशंट ज्याने त्याने आपला आणावा, अशी तिथली पद्धत पडली होती. या परीक्षेत जो नापास होईल त्याला चौथ्या वर्षाचं प्रत्यक्ष काम मिळणार नव्हतं. सहा महिने घरी बसून पुन्हा परीक्षा. दहिसरहून काय काय ऐकून घ्यावं लागेल, याची कल्पना आम्हा तिघांनाही होती.

“मी नाही येणार हं,” हिने आधीच सांगून टाकलं. “मला विचारलं की मी घाबरून काहीतरीच सांगते.”

“बाबाच बरे,” मुलगी म्हणाली. “ते कधी अंदाजाने उत्तर देत नाहीत.”

मी एक दिवसाची रजा टाकली. घाटकोपरहून बस पकडून अंधेरीला गेलो. बस दिसली तिला, मला नाही. बाहेर बाकावर सगळे नातेवाईकच बसले होते; एकीने आजोबा आणले होते, एकाने मावशी. परीक्षक बाहेरून आलेले, वयस्कर, फार न बोलणारे. त्यांनी आम्हा प्रत्येकाचे डोळे आधी स्वतः यंत्राने तपासून आकडे एका कागदावर लिहिले आणि कागद पाकिटात बंद केला. मला सांगण्यात आलं, “विचारलं तेवढंच सांगायचं. विद्यार्थ्याला मदत होईल असं काही बोलायचं नाही.”

मुलगी पांढरा कोट घालून समोर बसली. “आपलं वय?”

“तुला माहीत नाही?”

प्रमुख बाई कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “काका, उत्तर द्या.”

“अठ्ठेचाळीस वर्षं, चार महिने.”

परीक्षकांनी मान खाली घातली. हसले असावेत.

आधी तिने खोलीत अंधार करून माझ्या डोळ्यांत रेटिनोस्कोपचा उजेड टाकला. हे हातात धरायचं छोट्या बॅटरीसारखं यंत्र असतं. उजेड हलवायचा, बाहुलीत परतणारी चमक कोणत्या बाजूला सरकते ते बघायचं आणि पुढे भिंगं धरून ती थांबवायची. माणसाला एकही प्रश्न न विचारता नंबर कळतो. हे यंत्र कॉलेजबाहेर न्यायला परवानगी नव्हती, म्हणून माझ्या डोळ्यांवर ते तिने आजवर वापरलं नव्हतं. तिने उजव्या डोळ्याचा आकडा लिहिला आणि पेन तसंच धरून बसली. मला उलटं वाचता येतं: उणे पावणेदोन.

मग दिवा लावला, माझ्या नाकावर जड फ्रेम चढवली, डावा डोळा झाकला आणि उजव्यापुढे माझ्या जुन्या नंबरचं भिंग घातलं, उणे एक. “वाचा.”

मी सातही ओळी वाचल्या. कुठे अडलो नाही.

तिचा चेहरा उतरला. मला तिचा हिशोब समोर दिसत होता. यंत्र सांगतंय पावणेदोन. बाबा सांगतायत एक, आणि वहीतल्या तेवीस नोंदीही एकच सांगतायत. म्हणजे आपलाच हात चुकला. तिने पुन्हा अंधार केला, पुन्हा उजेड टाकला. पुन्हा पावणेदोन. पुन्हा दिवा. घड्याळात निम्मा वेळ गेला होता.

मग तिने एक वेगळं भिंग उचललं आणि माझ्या डोळ्यापुढे सरकवलं. तक्ता एकदम वितळल्यासारखा झाला. शेवटच्या दोन ओळी म्हणजे नुसते राखाडी पट्टे.

“वाचा.”

आणि मी वाचलं. सातव्या ओळीचं चौथं अक्षर तोंडातून बाहेर पडत असताना मला कळलं की मला काहीही दिसत नाही. मी पाचव्यावर थांबलो.

बावीस वर्षं मी मापं घेत आलो होतो आणि इतकी खोटी मापं मी आयुष्यात कधी दिली नव्हती. सांगायचं तर मदत होते, आणि मदत करायची नाही असं बजावलेलं. गप्प बसायचं तर चुकीचा आकडा पुढे जातो आणि मुलगी नापास. मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

“सर, मला काही सांगायचंय.”

“पेशंटने बोलायचं नाही,” परीक्षक म्हणाले.

“पण हे माप…”

“काका!” बाईंचा आवाज आला. मी हात खाली घेतला.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग तक्त्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे, आणि एकदम तिच्या डोळ्यांत हसू आलं.

“बाबा, शेवटची ओळ उलटी वाचा. उजवीकडून डावीकडे.”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. एकही अक्षर येईना.

“नाही दिसत.”

“खरंच नाही?”

“अजिबात नाही गं. केव्हापासून दिसत नाहीये देव जाणे.”

बाई खो खो हसल्या. परीक्षकांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मुलीला विचारलं, “हे तुमच्या लक्षात कसं आलं?”

“सर, मी मुद्दाम धूसर करणारं भिंग घातलं होतं. त्यातून पाचव्या ओळीच्या खाली कोणालाच दिसायला नको. यांनी सातवीही अर्धी वाचली.”

“मग ते खोटं बोलले?”

“नाही सर. ते खोटं बोलत नाहीत. हाच तक्ता आमच्या घराबाहेर दहा महिने लावलाय. त्यांना तो पाठ झालाय, आणि हे त्यांनाही माहीत नव्हतं. आमच्या सगळ्या मजल्याला पाठ आहे.”

“सगळ्या मजल्याला?”

“शेजारच्या काकू तांदूळ निवडताना म्हणतात, सर.”

यावर मात्र परीक्षकही हसले. पण घड्याळ थांबवलं नाही. तिने उजवा डोळा पहिल्यापासून घेतला. आता दर वेळी वेगळ्या ओळी, वेगळा क्रम, कधी उलट, कधी मधलंच अक्षर. मग डावा. दोन्ही उणे पावणेदोन ठरले. त्या भिंगांतून मी तक्ता पाहिला तेव्हा अक्षरांना कडा आहेत, हे मला कित्येक वर्षांनी दिसलं. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा जवळच्या वाचनाचा नंबर काढायचा राहिला होता.

परीक्षकांनी पाकीट फोडून कागद तिच्यापुढे धरला. पावणेदोन, पावणेदोन. बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, “काका, माहितीपत्रकातली बेरीज दिसली, बसचा नंबर नाही दिसला?” मी म्हटलं, बसचं तुम्हाला कोणी सांगितलं? तर मुलगी भिंतीकडे बघत होती.

त्या वर्षापासून विभागात परीक्षेसाठी तीन वेगवेगळे तक्ते ठेवायला लागले आणि विद्यार्थ्याने आणलेला पेशंट दुसऱ्या विद्यार्थ्याकडे द्यायचा नियम झाला. पुढच्या माहितीपत्रकात तो सहाव्या पानावर छापला होता.

निकाल महिन्याने लागला. शंभरापैकी अठ्ठावन्न. पास. जवळच्या नंबरचे सहा गुण पूर्ण गेले होते. कॉलेजच्या व्हरांड्यात मी यादीपुढे उभा राहून आकडेमोड करत होतो, आणि माझ्या मनात ते सहा गुण खुपत होते.

“तुझी अकरा मिनिटं माझ्यामुळे गेली,” मी म्हटलं. “मी सरळ ओरडून सांगायला हवं होतं. चौसष्ट झाले असते.”

“तुम्ही ओरडला असतात तर मला काय कळलं असतं?” ती म्हणाली. “उद्या ओपीडीत कोण हात वर करणार आहे, बाबा? बघायचं मलाच आहे.”

आणि सोमवारी आठ वाजता कुठे हजर व्हायचं ते विचारायला ती बाईंच्या खोलीत शिरली.