शांताच्या गाडीचं इंजन

परवाच्या शनिवारपर्यंत ही गोष्ट माझ्या तोंडातून बाहेर पडली नव्हती. शांता गेली त्या दिवशीही नाही. आता तुम्हाला सांगतो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी, लिहिताना मागचं पुढं होईल. सांभाळून घ्या — नाही, सांभाळून नका घेऊ. नुसतं वाचा.

शांता माझी बायको. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम कोणतं, तर सुलतान बाजारातून साडीचा फॉल आणला. चौदा एप्रिलच्या जयंतीला नेसायच्या पांढऱ्या साडीचा. दुकानदारानं ढीगभर पांढरे फॉल काढले. हिचं आपलं चालूच — “ह्यो पिवळट हाय. ह्यो निळसर हाय.” मला सगळे सारखेच दिसत होते. येताना ती स्कूटरवर माझ्या मागे बसली, पिशवी दोघांच्या मधे धरून. रेल्वेचा पूल लागला तसा तिनं माझा शर्ट ओढला.

“अवो, हळू. ही गाडी माणसाला फेकती.”

मी हळू केली. त्याच आठवड्यात ती बसल्या जागी गेली. फॉल अजून पिशवीतच आहे.

गाडी माणसाला फेकती, असं तिला का वाटायचं? तेच तर सांगायचंय.

ती गाडी मुळात तिची. बरकतपुऱ्याच्या एका शाळेत ती आया होती. चिट्टी, म्हणजे भिशी, उचलून तिनं स्वतःच्या नावावर घेतली — साठ सीसीची, शिलाई मशीनसारखी टरटरणारी. पोरगी कॉलेजात जायच्या वयात ही बाई पदर खोचून युनिव्हर्सिटीच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी शिकली. आमच्या तारनाक्याच्या वस्तीत गाडी चालवणारी पहिली बाई तीच. जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा तिच्या गाडीला बांधायचे अन् ती सगळ्यांच्या पुढं. पांढरी साडी, डोळ्यांवर माझा गॉगल. तुम्ही पाहायला हवं होतं.

मग नव्या राज्याची मागणी पेटली ती वर्षं आली. आज बंद, उद्या संप. बसगाड्या डेपोत उभ्या, अन् मी बसांचा फिटर — मीही उभा. पगार नाही. शांताची शाळा मात्र मधून मधून चालू असायची. सकाळी ती मला मागं बसवून निघायची, संपाच्या मंडपाशी उतरवायची, पुढं शाळेत जायची. वाटेत तो पूल. साठ सीसीच्या इंजनाला आम्हा दोघांचं ओझं चढावर ओढवायचं नाही. अर्ध्या चढावर दम तुटायचा. मग मी उतरायचो अन् मागून ढकलायचो.

तिथंच एक चहाची टपरी. टपरीवाला रोज वाट बघत बसायचा. एक दिवस म्हणाला, “क्या फिटर साब, बसां बंद हुए तो तुम भी बंद हो गये क्या?”

सगळी टपरी हसली. शांताही हसली. वाईट मनानं नाही — तिला खरंच हसू आलं. पण मला टपरीवाल्याचं लागलं नाही. तिचं लागलं.

एवढंच कारण. यापेक्षा मोठं काही असतं तर मला आज बरं वाटलं असतं का? नसतं. पण एवढंच होतं.

ती भाचीच्या लग्नाला नांदेडला गेली तेव्हा मी भंगार बाजारातून एका ठोकलेल्या स्कूटरचं इंजन आणलं. त्याच कंपनीच्या थोरल्या गाडीचं, नव्वद सीसीचं. बाहेरून बघाल तर दोन्ही सख्खे भाऊ. बोल्टची भोकं जरा हुकत होती, मी लोखंडाच्या पट्ट्या कापून, भोकं पाडून बसवलं. ब्रेक जुनेच ठेवले. जुनं इंजन ग्रीस लावून, तोंडात चिंध्या कोंबून पोत्यात बांधलं अन् खाटेखाली सरकवलं. फेकून देववत नाही, फिटरची जात.

तुम्ही म्हणाल, मोठं इंजन बसवलं तर त्यात कसलं पाप? काहीच नाही — तिला सांगितलं असतं तर. ती आली, आवाज ऐकून म्हणाली, “आवाज का घोगरा झाला हिचा?” मी म्हणालो, सायलेंसरमधला कार्बन जाळलाय, बाकी काही नाही. का लपवलं? तिनं परत हसू नये म्हणून. टपरीवाल्यानं म्हटलेलं इतकं झोंबलं का, असं विचारू नये म्हणून.

आता नीट ऐका. साठ सीसीची गाडी आमच्या गल्लीचा उंचवटा चढायची तर हँडलची मूठ पहिल्यापासून पुरी पिळावी लागायची. तिच्या हाताला तीच सवय. मला ठाऊक होतं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात चहा पीत उभा होतो. तिनं रोजच्यासारखी मूठ पुरी पिळली. गाडी उसळली, समोरच्या घराच्या पाण्याच्या पिंपावर गेली, अन् शांता खाली. उजवं मनगट मोडलं.

लोक धावले. ती खाली बसूनच मला म्हणाली, “गाडीला बघा काई झालं का. माझाच हात चुकला.”

बोलायची जागा ती होती. तिथं मी काय बोललो? मी म्हणालो, “वय झालं आता. तुझ्यानं नाही व्हायचं हे.”

लिहिलं शेवटी. हेच लिहायचं होतं.

प्लास्टर निघालं तरी तिनं पुन्हा हँडल धरलं नाही. मी एकदाही म्हटलं नाही, धर. मी पुढं बसलो, ती मागं. पहिल्या दिवशी दोघं त्या पुलावर सरसर चढलो अन् टपरीपुढून जाताना मी हॉर्न वाजवला. मला मजा आली — खोटं कशाला बोलू? मागं ती माझा शर्ट मुठीत धरून बसली होती. त्या वर्षीच्या जयंतीला निळा झेंडा दुसऱ्या बाईच्या गाडीला बांधला. शांतानंच बांधला, गाठ पक्की मारून दिली अन् बायकांच्या रांगेत पायी चालली.

राज्य झालं, पगार सुरू झाला, मी रिटायर झालो. सांगायला वेळ नव्हता असं थोडंच आहे? भाजी निवडताना मधेच ती उजवा हात उघडायची, मिटायची, त्याच्याकडं बघायची. धोका दिलेल्या माणसाकडं बघावं तसं. मी समोर बसून पेपर वाचायचो.

आमची पोरगी सुनंदा नोकरीला आहे. रोज ऑटो, नाही तर बस. गाडी शिकायचं तिनं कधी काढलं की आई म्हणायची, आपल्या हाताला गाडी नाही बाई. परवा शनिवारी मी तिला म्हटलं, आईची गाडी पडून आहे, तू घे. तर म्हणते, “नको बाबा. आईचाच हात आलाय मला. मला नाही जमायचं.”

तेव्हा मात्र राहवलं नाही. सगळं सांगितलं. पिंप, कार्बन, पोतं, सगळं. सुनी ऐकत राहिली. मग एकच विचारलं —

“आईला माहीत होतं?”

“नाही.”

ती उठून आत गेली. माझं ताट आणून ठेवलं अन् स्वतःचं घेऊन मागच्या दारी बसली. माझ्यासमोर बसावं तरी का? मी मात्र, काय सांगू तुम्हाला, चार घास जास्त जेवलो. बायको जाऊन वर्ष व्हायचंय, पोरगी तोंड फिरवून बसलीय, अन् माझ्या छातीवरचं कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटत होतं. शांत झोपलो.

सकाळी रविवार. पोतं ओढून काढलं. चिंध्या उपसल्या, ग्रीस पुसलं, पिस्टनवर तेल सोडून इंजन हातानं फिरवलं. फिरलं. थोरलं इंजन उतरवलं, धाकटं बसवलं. किक मारून मारून पाय भरून आले तेव्हा ते खोकलं, अन् मग तोच आवाज — शिलाई मशीनचा.

आवाज ऐकून सुनी दारात आली. म्हणाली, “संध्याकाळी गाडीची किल्ली खिळ्यावर पाहिजे मला.” अन् आत गेली.

थोरलं इंजन मागच्या सीटवर दोरीनं आवळलं अन् भंगार बाजाराकडं निघालो. पुलाच्या अर्ध्या चढावर धाकट्याचा दम तुटला. इतक्या वर्षांनी उठवलेलं ते, मागं थोरल्याचं ओझं, वर मी. उतरलो अन् ढकलायला लागलो. टपरी अजून आहे. टपरीवाल्याची दाढी पार पांढरी झालीय, जीभ तीच.

“क्या फिटर साब, फिर बंद पड गये?”

“हौ,” मी म्हणालो.

टपरी हसली. मी ढकलत राहिलो, वरपर्यंत.