शॅकवरचं इंग्रजी

इंग्रज माणूस कुणाला मारायच्या आधी सभ्य होतो. हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. गोव्यात पेडण्याच्या किनाऱ्यावर, आमच्या शॅकच्या, म्हणजे वाळूवरच्या झापांच्या हॉटेलच्या काउंटरमागे उभी राहून बियरच्या बाटल्या उघडता उघडता कळलं. आधी नुसता आरडाओरडा, टेबलावर थापा, आयाबहिणींचा उद्धार. मग एकाएकी आवाज खाली येतो, वाक्याच्या शेवटी 'मेट' लागतं, कधीकधी 'प्लीज'सुद्धा लागतं, आणि पुढच्या क्षणाला कुणाचं तरी नाक फुटलेलं असतं. अमेरिकन याच्या उलटा. तो छाती काढून 'ब्रो, ब्रो' करत अर्धा किनारा फिरतो आणि शेवटी ज्याला मारायचं त्याच्याच गळ्यात पडून रडतो. ऑस्ट्रेलियन जिवलग मित्राला बास्टर्ड म्हणतो आणि ज्याचा राग आला त्याला मेट. आयरिश माणूस हसत असतो, आणि हसता हसताच समोरच्याच्या कपाळावर आपलं कपाळ हाणतो.

माझं माहेर डिचोलीकडे, शिरगावच्या जवळ. वडील खाणीवर टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक, चालवायचे. खनिज उतरवायला नदीकाठच्या जेटीवर ट्रकांची रांग लागायची आणि नंबरावरून रोज भांडणं व्हायची. ड्रायव्हर एकमेकांच्या सात पिढ्या काढायचे, तोंडाला फेस येईपर्यंत, आणि मग त्याच तोंडाने एका टपरीवर चहा प्यायचे. वडील सांगायचे, शिव्या देतोय त्याला भिऊ नकोस, गप्प झालाय त्याच्यापासून लांब सर. एकदा शाळेतून येताना मी स्वतः पाहिलं. एक ड्रायव्हर बोलता बोलता गप्प झाला, केबिनमधून टायर काढायची टामी घेऊन उतरला आणि दुसऱ्याच्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा आला. बाकी सगळे ओरडत होते, मारणारा मात्र शेवटपर्यंत अवाक्षर बोलला नाही.

लग्न होऊन पार्स्याला आले तेव्हा सासरी नारळ, काजू आणि शॅक असं तिन्ही होतं. शॅक माझा नवरा आणि थोरले दीर मिळून चालवायचे, त्यात मी काउंटरला उभी राहिले. (नवऱ्याला तोंडावर मी 'तुमी' म्हणते. इथे 'तो' लिहिणार आहे, सासूबाई वाचायला नाहीत.) मराठी शाळेत मला 'हाऊ डू यू डू' शिकवलं होतं. इतक्या वर्षांत एकाही गोऱ्याच्या तोंडून ते ऐकलं नाही. त्यांचं खरं इंग्रजी वेगळंच निघालं, आणि तेही ज्याचं त्याचं. लंडनवाला 'पिस्ड' म्हणाला की तो प्यायलेला असतो आणि न्यूयॉर्कवाला म्हणाला की तो संतापलेला. हे कळेपर्यंत मी एका भडकलेल्या अमेरिकन बाईला दारू उतरावी म्हणून लिंबाचं पाणी नेऊन दिलं होतं. दक्षिण आफ्रिकेतला माणूस 'जस्ट नाऊ येतो' म्हणून गेला की संध्याकाळपर्यंत त्याची वाट बघू नये. आयरिश बाईला बांगडा बरा लागला तरी 'ग्रँड' आणि करपलेला मिळाला तरी 'ग्रँड'. मला या सगळ्याची चटकच लागली. कोण कुठला ते मी दोन शब्दांत ओळखायची, आणि आज कोण कोणाला मारणार तेही बहुतेक वेळा बरोबर सांगायची. वेटर माझ्याकडे बघून टेबलं हलवायचे.

नवरा मात्र या सगळ्यातून एकच वाक्य शिकला. 'नो वरीज.' कुठल्यातरी पहिल्यावहिल्या ऑस्ट्रेलियन गिऱ्हाइकाकडून उचललं आणि मग सोडलंच नाही. बियर सांडली, नो वरीज. खुर्ची मोडली, नो वरीज. एकाने उलटी करून चटई खराब केली, तो चटई गुंडाळत नो वरीज म्हणत होता. घरीसुद्धा. मी एकदा चिडून विचारलं होतं, मी मेल्यावर पण हेच म्हणणार का. त्यावर तो नुसता हसला. स्वभावच तसा. गावातल्या भांडणातही हात जोडून मध्ये जाणारा.

एक इंग्रज आमच्याकडे कितीतरी सीझन येत होता. इंग्लंडच्या उत्तरेकडचा, थोराड, मानेवर भाजलेला लाल पट्टा. येताना मित्रांचं टोळकं घेऊन यायचा. नवऱ्याला 'ब्रदर' म्हणायचा. आमच्या मुलीच्या वाढदिवसाला केक कापताना त्याचे फोटो आहेत आमच्याकडे.

त्या दिवशी सूर्य अजून बुडायचा होता. इंग्रजाच्या टोळक्याशेजारच्या टेबलावर दोन ऑस्ट्रेलियन जोडपी होती. टीव्हीवर दोघांच्या देशांचं क्रिकेट. सुरुवातीला टोमणे, मग शिव्या, मग दोन्हीकडून टेबलावर मुठी. मी बघत होते, पण मला काळजी नव्हती, कारण सगळे ओरडत होते. मग इंग्रजाचा आवाज खाली आला. 'से दॅट अगेन फॉर मी, मेट,' तो त्यातल्या एका ऑस्ट्रेलियनला म्हणाला, अगदी शांतपणे. मी काउंटरवरून ओरडले, 'सरा हय्सून!' पण नवरा आधीच दोघांच्या मध्ये जाऊन उभा होता. एक हात ऑस्ट्रेलियनच्या छातीवर, दुसरा इंग्रजाच्या खांद्यावर. 'सिट, माय फ्रेंड. नो वरीज.'

इंग्रजाने खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. चुकून असं काही नव्हतं, मी दहा पावलांवर होते. त्याने बियरचा जाड ग्लास उचलला, टेबलाच्या कडेवर फोडला आणि उरलेला तुकडा नवऱ्याच्या तोंडावर हाणला.

काच फुटल्याचा आवाज आधी आला. ओरडण्याचा नंतर आला, आणि तो माझाच होता. नवरा ओरडला नाही. तो वाळूत खाली बसला आणि तोंडाखाली ओंजळ धरली, जसं काही सांडलं तर गिऱ्हाइकाला त्रास होईल. ओंजळ भरली आणि बोटांमधून गळायला लागली. डाव्या डोळ्याच्या जागी काय होतं ते मी पाहिलं आहे आणि मी ते लिहिणार नाही.

ऑस्ट्रेलियन मुलगी किंचाळली, 'ही ग्लास्ड हिम! ही ग्लास्ड हिम!' इतकं इंग्रजी येणाऱ्या मला हा शब्द नवा होता, पण अर्थ समोर वाळूत बसला होता. माणूस रोज जे करतो त्यालाच एका शब्दाचं नाव ठेवतो. आमच्याकडे काजूची बोंडं पायांनी तुडवायला 'मळप' म्हणतात, कारण मे महिन्यापर्यंत घरोघर तेच चालतं. यांच्याकडे फुटका ग्लास माणसाच्या तोंडावर मारायला एक शब्द आहे. म्हणजे शनिवारी रात्री किती तोंडं तिकडे फुटत असतील!

शहाळी सोलायचा कोयता काउंटरखाली असतो. तो माझ्या हातात कधी आला मला माहीत नाही. मी इंग्रजाच्या मानेवरच्या लाल पट्ट्याकडे बघत चालत गेले. तेवढ्यात भावजींनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, माझं मनगट मागून धरलं. 'ठेव तो कोयतो! ठेव म्हणतंय!' त्यांनी मनगट इतकं पिळलं की कोयता पडला. पुढे आठवडाभर तिथे काळंनिळं होतं. त्यांनी मला थांबवलं हे बरं झालं असं सगळे म्हणतात. मी अजून म्हटलेलं नाही.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नवऱ्याचा डोळा काढावा लागला. तो भूल उतरून शुद्धीवर येत होता तेव्हा भावजी बाहेर फोनवर पोलिसांना सांगत होते, भांडणात धक्का लागला, ग्लास हातातच फुटला. शॅकचं लायसन नव्याने व्हायचं होतं. पेपरात नाव आलं असतं तर कायमचं बंद. हे मला कळत होतं. पण डोळा माझ्या नवऱ्याचा होता, आणि कोणी फोडला हे त्याने स्वतः सांगितलं नाही तर तो कोणीच फोडला नव्हता असं ठरणार होतं. इंग्रजाचं विमान त्या आठवड्यातच होतं.

नवरा घरी आल्यावर दोन्ही बाजूंना ठाण्यात बोलावलं. नवरा, भावजी आणि मी एका बाकावर, समोरच्या बाकावर इंग्रज आणि त्याचे दोन मित्र. हवालदार पेडण्याचाच, आमच्या ओळखीचा. गोऱ्यांचं इंग्रजी उलगडून सांगायला त्याने मला मुद्दाम जवळ बसवलं. मित्र आधी बोलले. त्यांच्या मित्राने जरा जास्त घेतली होती. जरा 'किक ऑफ' झालं, म्हणजे बाचाबाची. 'बँटर' होतं, म्हणजे मित्रामित्रांतली थट्टा. एक जण म्हणाला, 'हँडबॅग्ज, रिअली,' म्हणजे बायका एकमेकींना पर्स मारतात तसलं लुटुपुटूचं भांडण. हवालदार प्रत्येक शब्दाला माझ्याकडे बघायचा आणि मी मराठीत सांगायची. सांगता सांगता माझे कान तापत गेले. रक्त पुसायला यांच्याकडे शब्दांची किती फडकी आहेत, आणि ती मी एकेक करून त्यांना वाळत घालून देत होते.

मग इंग्रज उठला. डोळे खरंच ओले होते त्याचे. तो नवऱ्यासमोर आला, हात पुढे केला आणि म्हणाला, 'सॉरी, ब्रदर. नो हार्ड फीलिंग्ज, येह?'

आणि नवरा म्हणाला, 'नो वरीज.'

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. भावजींनी डोळे मिटले. हवालदाराने पेनाला टोपण लावलं. 'मगे मिटलां मां?' तो म्हणाला. 'गैरसमजान झालां, असां लिवया.'

मला काय झालं ते सांगता येणार नाही. राग हा शब्द पुरत नाही. इंग्रजाचा मला त्या क्षणी आला नाही तेवढा नवऱ्याचा आला. त्याचा हात अजून त्या माणसाच्या हातात होता. मी तो ओढून काढला.

'खंय आसात तुमी? शॅकात? खुर्ची मोडल्यान काय त्येना? बियर सांडली? डोळो गेलो तुमचो, डोळो!'

'गे, गप रव,' भावजी म्हणाले.

'मी गप रवान काय करू? आजून एक डोळो आसा त्येंचो!'

नवऱ्याने पट्टीवर लावलेला काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला. पट्टीच्या खालून पाणी येत होतं, ते त्याने शर्टाच्या बाहीने टिपलं. मान वर केली ती हवालदाराकडे, इंग्रजाकडे नाही. आणि तो जे बोलला ते मी लग्न झाल्यापासून त्याच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात बोलला. आवाज खाली आला होता.

'ह्येना माजो डोळो फोडल्यान,' तो म्हणाला. 'चुकान नाय. माज्याकडे बघान फोडल्यान. लिव.'

हवालदार थांबला. त्याने भावजींकडे पाहिलं. भावजींनी मान खाली घातली. त्याने पेनाचं टोपण काढलं.

इंग्रजाला वाक्य कळलं नव्हतं, पण टोपण कळलं. तो माझ्याकडे वळला. त्याच्या गावाकडे बाईला 'लव्ह' म्हणतात. दुकानदारीण असो, नर्स असो, अनोळखी म्हातारी असो. त्यात काही वाईट नसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

'व्हॉट्स ही सेइंग, लव्ह?'

मी त्याच्या थोबाडीत मारली. उभ्या उभ्या, सगळा हात घालून. त्याचं तोंड फिरलं, तो मागे बाकावर आदळला आणि त्याच्या ओठातून रक्त आलं. त्याचे मित्र ओरडत उठले. शिपाई बाहेरून धावत आला. माझी बोटं झोंबत होती आणि मला बरं वाटत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटत होतं.

'वयनी, बसा,' हवालदार कपाळाला हात लावून म्हणाला. 'आता ह्येची पण तक्रार घेवची लागतली तुमच्यार.'

'घेवा,' मी नवऱ्याकडे बोट दाखवून म्हटलं. 'पण माज्या घोवाचां आदी पुरां करा.'